गिरणीच्या दारातील डॉक्टर

मुंबईच्या कापडगिरण्यांविषयी लिहिणारे लेखक पुष्कळ झाले. कोणी भांडवलाची कथा सांगितली, कोणी संपांची, कोणी चाळींची व त्या चाळींतून उठलेल्या शाहिरांची. परंतु गिरणीच्या फाटकालगतच्या लहानशा खोलीत एक टेबल, चार बाटल्या व आयोडीनचा बोळा घेऊन बसणाऱ्या डॉक्टराकडे ह्या लेखकांची दृष्टी फारशी वळलेली दिसत नाही. तो मालकही नव्हता व मजूरही नव्हता, म्हणून दोघांच्याही इतिहासात त्याला जागा मिळाली नसावी. तथापि ह्या माणसाच्या इतिहासात एक प्रश्न दडलेला आहे आणि तो अद्याप सुटलेला नाही. हा डॉक्टर कोणाचा? ज्याच्या जखमेला तो पट्टी बांधतो त्याचा, की ज्याच्या तिजोरीतून त्याचा पगार निघतो त्याचा? प्रस्तुत लेखात ह्याच प्रश्नाचा माग काढण्याचे आम्ही योजिले आहे.

धंद्यापासून रोग होतात ही गोष्ट वैद्यकाला नवी नाही. बर्नार्दिनो रामाझ्झिनी ह्या इटालियन वैद्याने १७०० साली मोदेना येथे ह्याच विषयावर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याच्या घरचा शौचकूप उपसणारा मजूर अतिशय घाईने काम करीत होता. इतकी घाई कशासाठी, असे रामाझ्झिनीने सहज विचारले, तेव्हा त्या मजुराने उत्तर दिले की, ह्या जागी अधिक वेळ राहिले तर डोळे जातात. त्या एका उत्तराने हा विद्वान वैद्य अंतर्मुख झाला व कारागिरांच्या दुकानांतून हिंडू लागला. रोग्याला विचारावयाचे जे प्रश्न हिपॉक्रेटिसाने सांगून ठेवले होते, त्यांत त्याने स्वतःच्या एका प्रश्नाची भर घातली: तुमचा धंदा कोणता? आमच्या मते कामगारांच्या वैद्यकाचे सारे शास्त्र ह्या छोट्याशा जिज्ञासेतून निघाले आहे. हा प्रश्न विचारणारा वैद्य रोगाचे मूळ रोग्याच्या पापपुण्यात किंवा त्याच्या खाण्यापिण्यात शोधून थांबत नाही; तो थेट कामाच्या जागेपर्यंत जाऊन पोहोचतो. आणि तेथे गेल्यावर त्याची गाठ जागेच्या मालकाशी पडणे अपरिहार्य असते.

इंग्लंडात गिरण्या उभ्या राहिल्या तेव्हा ही गाठ पडली. ब्रॅडफर्डचा जॉन वुड हा गिरणीमालक सहृदय होता. आपल्या गिरणीत राबणाऱ्या मुलांचे काय करावे, असे त्याने १८३० साली लीड्सचे डॉक्टर रॉबर्ट बेकर ह्यांना विचारले. बेकरांचा सल्ला असा की, नित्य गिरणीत येऊन मुलांना तपासील असा एक डॉक्टर नेमावा. वुडने तो सल्ला मानला. ही एका माणसाची सद्बुद्धी होती. पुढे १८३३ च्या कायद्याने कापडाच्या बहुतेक गिरण्यांत नऊ वर्षांखालील मुलांस काम देण्याची बंदी केली व त्याबरोबर डॉक्टराला एक निराळेच काम लागले. त्या काळी जन्माची सरकारी नोंद होत नसे. तेव्हा मूल नऊ वर्षांचे आहे किंवा नाही हे त्याच्याकडे पाहून डॉक्टराने ठरवावयाचे. एडविन सॉण्डर्स नावाच्या दंतवैद्याने तर १८३७ साली एक पुस्तिका लिहून, दात मोजून वय ओळखावे असे सुचविले. घोडा विकत घेताना जी परीक्षा करावयाची ती येथे मुलांची होऊ लागली. १८४४ च्या कायद्याने ह्या प्रमाणपत्र देणाऱ्या डॉक्टरांच्या नेमणुकीचा अधिकार सरकारी इन्स्पेक्टरांकडे गेला, परंतु दाखल्याची फी गिरणीवाल्यानेच द्यावयाची होती. ‘तुमचा धंदा कोणता’ हा प्रश्न मागे पडला आणि ‘ह्याचे वय किती’ हा प्रश्न पुढे आला.

मुंबईत कावसजी नानाभाई दावर ह्यांनी १८५४ साली कंपनी स्थापिली व १८५६ मध्ये ताडदेवला चाती फिरू लागली. त्यानंतर पंचवीस वर्षे ह्या धंद्याला कायदा असा नव्हताच. १८८१ साली पहिला कारखाना कायदा झाला, त्यात लँकेशायरच्या गिरणीवाल्यांचा स्वार्थ किती व परोपकारबुद्धी किती हा वाद आज शिळा झाला आहे. कायदा झाला एवढे खरे. शंभर किंवा अधिक माणसे असलेल्या कारखान्यांनाच तो लागू होता; सात वर्षांखालील मुलाला कामावर घ्यावयाचे नाही व सात ते बारा वर्षांच्या मुलाकडून नऊ तासांहून अधिक काम घ्यावयाचे नाही, एवढेच त्याचे मुख्य सांगणे होते. येथेही वयाचा दाखला डॉक्टरानेच द्यावयाचा होता. रत्नागिरी-सातारकडच्या खेड्यांतून आलेल्या मुलाची जन्मतिथी त्याच्या आईला ठाऊक असे ती एखाद्या दुष्काळाच्या नाहीतर पुराच्या आठवणीवरून; डॉक्टर बिचारा त्या मुलाची उंची पाही, दात पाही व सही करी. अशा रीतीने कायद्याने मुंबईच्या गिरणीकडे पाठविलेला पहिला डॉक्टर औषध देण्यासाठी आला नव्हता. हे मूल कामाला लावण्यास हरकत नाही, एवढे लिहून देण्यासाठी तो आला होता.

परंतु मजुरांना त्याच्याकडून काय पाहिजे होते, हे त्यांनी स्वतःच थोड्या दिवसांत सांगितले. १८८४ च्या सप्टेंबरात परळ येथे गिरणीकामगारांची मोठी सभा झाली. नारायण मेघाजी लोखंडे हे त्या सभेचे पुढारी होते. ते ‘दीनबंधु’ पत्राचे संपादक आणि जोतीरावांचे अनुयायी असून गिरणीच्या नोकरीचा त्यांना स्वतःला अनुभव होता. ह्या सभेत तयार झालेला अर्ज सुमारे साडेपाच हजार सह्यांनिशी सरकारने नेमलेल्या कमिशनाकडे गेला. त्यातील मागण्या पाच. रविवारची सुटी मिळावी. दुपारी अर्धा तास विश्रांती मिळावी. सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढेच काम असावे. पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत व्हावा. ह्या चार मागण्यांची आठवण इतिहासकार आवर्जून काढतात. पाचवीकडे मात्र त्यांचे तितकेसे लक्ष जात नाही. ती अशी होती की, कामावर असताना जबर दुखापत झाल्यास मजुराला बरा होईपर्यंत पूर्ण पगार मिळावा, आणि तो जन्माचा अपंग झाल्यास त्याच्या उदरनिर्वाहाची योग्य तजवीज व्हावी.

वाचकांनी ह्या मागणीचे स्वरूप जरा थांबून पाहावे. तीत औषधाची भीक नाही. दुखापत कामाने झाली, तर तिची जबाबदारीही कामाची, असा तीत सरळ न्याय आहे. रामाझ्झिनीचा प्रश्न जणू रोग्याच्याच तोंडून आला आणि त्याचे उत्तरही रोग्यानेच दिले. लोखंड्यांना रविवारची सुटी १८९० साली मिळविता आली. पाचवी मागणी मात्र त्यांच्या हयातीत पुरी झाली नाही. १८९७ च्या फेब्रुवारीत मुंबईच्या प्लेगमध्ये त्यांचा अंत झाला. अपघाताच्या भरपाईचा कायदा झाला तो १९२३ साली व अमलात आला १९२४ च्या जुलैत, म्हणजे परळच्या सभेनंतर जवळजवळ चाळीस वर्षांनी. आणि तात्पुरत्या दुखापतीत त्याने देऊ केले ते निम्मे वेतन.

ह्या चाळीस वर्षांत आजारी मजूर जात तरी कोठे होता? ह्याचे उत्तर गिरणीच्या दप्तरात सापडणार नाही. ते बोटीच्या धक्क्यावर व घाटाच्या वाटेवर सापडते. गिरणीच्या फाटकाशी रोज पहाटे बदली कामगारांचा घोळका उभा असे. एक माणूस तापाने पडला की जॉबर घोळक्यातून दुसरा उचली. साचा क्षणभरही थांबत नसे. पडलेला माणूस चार दिवस गाळ्यात कण्हत काढी आणि मग गावी जाई. तेथे आईच्या हातची पेज, गावच्या वैद्याचा काढा व तुळशीपुढे बोललेला नवस, एवढ्यावर तो बरा होई, नाहीतर तेथेच मरे. कोकण हेच मुंबईच्या गिरण्यांचे सर्वांत मोठे रुग्णालय होते आणि त्याचा खर्च गिरण्यांना एक पैही पडत नव्हता. व्हिटले कमिशनाने आपल्या १९३१ च्या अहवालात मजुराचा गावाशी असलेला संबंध तुटू न देता टिकवावा, असे म्हटले. आजारात व म्हातारपणात त्याला दुसरा आसराच नाही, हे सत्य त्या सूचनेच्या पोटी होते. त्या कमिशनात आपले ना. म. जोशी हे एक सभासद होते. आजारी मजूर गावी जाऊन मेला म्हणजे तो गिरणीच्या मृतांत धरला जात नसे, हेही येथे लक्षात ठेवले पाहिजे. नाहीतर त्या काळच्या अहवालांवरून गिरणीची हवा मोठी आरोग्यकारक होती असा कोणाचा तरी समज व्हावयाचा!

स्त्रियांची कथा तर याहून करुण आहे. मुंबई सरकारने १९२१-२२ च्या सुमारास गिरण्यांतील स्त्रियांची स्थिती पाहण्यासाठी डॉ. बार्न्स ह्या स्त्री डॉक्टराची योजना केली. प्रसूतीच्या अगदी जवळच्या दिवसांपर्यंत बायका साच्यावर उभ्या असत आणि बाळंतपणानंतर अंगात त्राण येण्यापूर्वीच परत येत. तान्ह्या मुलाला घरी टाकून दहा तास कामावर राहावयाचे, तर त्याने रडू नये म्हणून अफूची गोळी चाटविण्याचा प्रघात घरोघर होता. त्या गोळीला लोक लाडाने ‘बाळागोळी’ म्हणत. डॉ. बार्न्स ह्यांनी हा प्रकार उजेडात आणला. कित्येक शहाण्यांनी त्यावर आयांच्या अज्ञानाबद्दल खेद प्रदर्शित केला. परंतु ‘तुमचा धंदा कोणता’ हे विचारणाऱ्याला कळून चुकते की, गोळी आईच्या हातात असली तरी ती तिथे ठेवली होती गिरणीच्या भोंग्याने.

ह्यातूनच पुढे बाळंतपणाच्या भत्त्याचा प्रश्न मुंबईच्या कायदे कौन्सिलात आला. आसवले ह्यांनी आणलेल्या बिलाला डॉ. आंबेडकरांनी १९२८ साली पाठिंबा दिला. मातेला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, म्हणून ह्या खर्चाचा मोठा भार वास्तविक सरकारने उचलावा. परंतु त्या स्त्रीच्या श्रमाचा लाभ घेणाऱ्या मालकालाही त्यातून अंग काढून घेता येणार नाही, असा त्यांच्या प्रतिपादनाचा आशय होता. १९२९ साली कायदा झाला. हिंदुस्थानात ह्या प्रकारचा हा पहिलाच. परंतु सारा भत्ता एकट्या मालकावर पडला, तेव्हा बायकांना कामावर न घेणे हीच ज्याला बचत वाटेल असा मालक निघणारच. हक्काचे ओझे एकाच खांद्यावर ठेवले की तो खांदा हक्कालाच झटकू पाहतो, हा धडा मुंबईला ह्या कायद्याने शिकविला.

येथे एक गोष्ट न्यायबुद्धीने सांगितली पाहिजे. सगळेच मालक निष्ठुर नव्हते. जमशेटजी टाटांनी नागपूरला १८७७ च्या जानेवारीच्या पहिल्या तारखेस एम्प्रेस मिल सुरू केली, आणि तेथे १८८६ साली पेन्शन फंड व १८९५ साली अपघाताची भरपाई सुरू झाली. कायदा होण्याच्या कितीतरी आधी. त्यांच्या मागे जमशेदपूरच्या पोलाद कारखान्यात १९१२ साली आठ तासांचा दिवस व १९१५ साली मोफत औषधोपचार आला. हे सर्व स्तुत्य आहे. ज्यांनी ते केले त्यांची नावे आदराने घ्यावीत. तथापि उपकार आणि हक्क ह्यांत एक मूलभूत भेद आहे. उपकार करणारा उद्या हात आखडता घेऊ शकतो, आणि उपकार घेणाऱ्याला आज डॉक्टरापुढे सगळे खरे बोलता येत नाही. खोकल्यातून रक्त पडते असे मालकाच्या डॉक्टराला सांगितले तर औषध मिळेल की नावावर काट पडेल, ही शंका ज्याच्या मनात आहे त्याची नाडी धन्वंतरीलाही सापडणार नाही.

ही कोंडी फोडण्याचे श्रेय पुष्कळांचे आहे; पण त्यांत एका प्राध्यापकाचा वाटा मोठा आहे आणि तो सांगताना आम्हांस थोडा स्वजातीचा अभिमान वाटल्यास वाचकांनी क्षमा करावी. अलाहाबाद विद्यापीठात अर्थशास्त्र शिकविणारे बी. पी. आडारकर ह्यांच्याकडे हिंदुस्थान सरकारने १९४३ च्या मार्चमध्ये कामगारांच्या आरोग्यविम्याची योजना आखण्याचे काम सोपविले. मजूरखाते तेव्हा डॉ. आंबेडकरांकडे होते. आडारकरांनी १९४४ मध्ये आपला अहवाल दिला. आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेच्या तज्ज्ञांनी तो तपासला, आणि १९४८ च्या एप्रिलमध्ये कामगार राज्य विमा कायदा झाला. मालकाने वर्गणी द्यावी, कामगारानेही द्यावी. ती एका स्वतंत्र निधीत जमा व्हावी. आणि त्या निधीतून औषध, आजारपणातला रोख भत्ता, प्रसूतीचा भत्ता व अपघाताची भरपाई मिळावी, अशी ही योजना होती. १९२९ च्या कायद्यातील दोष येथे निघून गेला, कारण ओझे आता एका मालकाच्या खांद्यावर नव्हते. १९५२ च्या फेब्रुवारीच्या २४ तारखेस पंडित नेहरूंनी कानपूरला तिचे उद्घाटन केले. दिल्लीतही त्याच वेळी ती सुरू झाली. मुंबई व नागपूर येथे ती १९५४ साली आली.

मुंबईत ह्या योजनेने जे रूप घेतले ते आमच्या विषयाच्या दृष्टीने फार महत्त्वाचे आहे. कानपूर-दिल्लीला विमा योजनेचे स्वतःचे दवाखाने निघाले. मुंबईत मात्र खाजगी डॉक्टरांची यादी करण्यात आली व त्या यादीतून आपला डॉक्टर कामगाराने निवडावा असे ठरले. लोक त्याला पॅनेलचा डॉक्टर म्हणू लागले. गिरणीच्या फाटकाशी बसलेला डॉक्टर उठला आणि चाळीच्या गल्लीत येऊन बसला; त्याच्या दुकानात मजूर आपल्या पायांनी, आपल्या पसंतीने जाऊ लागला. प्रारंभी ही सोय एकट्या कामगारापुरती होती, त्याच्या कुटुंबाला ती पुढे मिळाली. फाटकापासून गल्लीपर्यंतचे हे अंतर पावलांनी मोजले तर थोडे आहे. परंतु ते चालून यावयास १८८१ पासून सत्तरांहून अधिक वर्षे लागली.

येथे कोणी म्हणेल, आणि गिरणीवाले तसे म्हणतही असत, की ह्या पॅनेलच्या डॉक्टरांनी खोटे दाखले देऊन गैरहजेरीचा सुकाळ केला. असे दाखले दिले गेले नसतील असे आम्ही म्हणत नाही. दाखला जेथे पैशाइतका मोलाचा, तेथे तो विकलाही जातो. आणि विम्याच्या रुग्णालयांतील लांब रांगा, औषधांचा तुटवडा व कारकुनी त्रास ह्यांबद्दल कामगारांची तक्रारही जुनीच आहे. परंतु गैरहजर कामगार खरा आजारी आहे की नाही ह्याची चौकशी डॉक्टराच्या गळ्यात बांधली की तो वैद्य राहत नाही, पहारेकरी होतो. आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेने १९५९ च्या शिफारशीत व पुन्हा १९८५ च्या करारात हेच सांगितले: कारखान्यातील वैद्याला पूर्ण व्यावसायिक स्वातंत्र्य असावे आणि गैरहजेरीची कारणे पडताळण्याचे काम त्याच्यावर लादू नये. आपल्याकडेही १९४८ च्या कारखाना कायद्याने, ज्याचा कारखान्यात प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष हितसंबंध आहे किंवा जो तेथे नोकर आहे, त्याला प्रमाणपत्र देणारा डॉक्टर नेमता येणार नाही असा निर्बंध घातला होता. कायदा करणाऱ्यांना आमचा प्रश्न नेमका कळला होता, ह्याचा हा पुरावा आहे.

आणि तरीही मुंबईच्या गिरण्यांतला सर्वांत जवळचा रोग कोणाला फार दिवस दिसला नाही. कापसाच्या धुळीने छातीचा एक विकार होतो, त्याला बिसिनोसिस म्हणतात. त्याचे पहिले लक्षण मोठे विलक्षण आहे. आठवड्याच्या सुटीनंतर कामावर आलेल्या पहिल्या दिवशी छाती आवळल्यासारखी होते, दम लागतो. पुढे दोन दिवसांत बरे वाटते. वर्षे जातात तसे हे आवळणे आठवडाभर राहू लागते आणि शेवटी ते जातच नाही. लोखंड्यांनी रविवार मिळवून दिला, आणि हा रोग सोमवारी ओळखू येतो! इंग्लंडात ह्या रोगाबद्दल १९४१ सालापासून भरपाई मिळू लागली. आपल्याकडे मात्र तो नाहीच असा समज कितीतरी काळ प्रचलित होता. दमेकरी मजूर गावी जाई, किंवा त्याच्या विडीला दोष देण्यात येई, किंवा क्षयाचे औषध चालू होई. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात गिरणगावाच्या ऐन मध्यावर उभ्या असलेल्या परळच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉक्टरांनी गिरणीकामगारांच्या छात्या पद्धतशीरपणे तपासल्या, तेव्हा हा रोग येथेही आहे असे सिद्ध झाले. तो असला तर त्यांना सापडला ह्याचे कारण त्यांची उपकरणे चांगली होती एवढेच नव्हे. त्यांनी प्रथम ‘धंदा कोणता, आणि किती वर्षे’ हे विचारले होते.

गिरणगावाच्या इतिहासातील शेवटचे मोठे नावही एका डॉक्टराचेच असावे, हा योग चमत्कारिक आहे. दत्ता सामंत घाटकोपरला दवाखाना चालवीत. खाणींत दगड फोडणारे मजूर त्यांच्याकडे येत. त्यांच्या जखमा बांधता बांधता ह्या जखमांचे मूळ दवाखान्यात सापडणार नाही असे त्यांना वाटू लागले आणि ते युनियनच्या कामात पडले. १९८२ च्या जानेवारीत सुरू झालेल्या गिरणीसंपाचे नेतृत्व त्यांच्याकडे आले. सुमारे अडीच लाख कामगारांच्या त्या संपाचे काय झाले, त्यांच्या धोरणात चुकले काय व बरोबर काय, हा वाद आम्ही येथे उकरून काढीत नाही. १९९७ च्या जानेवारीत त्यांचा खून झाला. आम्हांस एवढेच दाखवावयाचे आहे की, डॉक्टर कोणाचा ह्या प्रश्नाला एका माणसाने दिलेले हे टोकाचे उत्तर होते. प्रत्येक डॉक्टराने तेच द्यावे असे नाही; पण प्रश्न त्यालाही टाळता आला नाही.

आज परळ-लालबागच्या रस्त्याने जाताना जुन्या धुराड्यांच्या जागी काचेचे मनोरे दिसतात. त्या मनोऱ्यांत काम करणाऱ्या तरुणांसाठी वार्षिक तपासण्या होतात, योगाचे वर्ग भरतात, मन प्रसन्न कसे ठेवावे ह्यावर व्याख्याने होतात. हे चांगलेच आहे; आम्ही त्याची थट्टा करू इच्छीत नाही. परंतु ज्याची मान संगणकापुढे बारा तास वाकलेली आहे त्याला प्राणायाम शिकविणारा, ‘बारा तास का?’ असे विचारतो काय? आणि त्याच मनोऱ्याची फरशी पुसणारा, त्याच्या दारी जेवणाचे डबे पोहोचविणारा कंत्राटी माणूस ह्या तपासणीच्या यादीत असतो काय? तो आजारी पडला की अजूनही गावीच जातो. फरक एवढाच की त्याचे गाव आता कोकणात नसून पुष्कळदा बिहारात असते.

१९८४ च्या डिसेंबरात भोपाळला जो अनर्थ झाला, त्यानंतर १९८७ साली कारखाना कायद्यात दुरुस्ती झाली. धोक्याच्या प्रक्रियांवरील कामगारांच्या आरोग्याची नोंद मालकाने ठेवावी आणि ती नोंद त्या कामगाराला पाहता यावी, असे तीत सांगितले होते. ही साधी दिसणारी तरतूद आमच्या मते ह्या साऱ्या इतिहासाचे सार आहे. कोणत्याही कारखान्यातला वा कचेरीतला डॉक्टर कोणाचा आहे हे ओळखावयाचे झाले, तर त्याची पदवी पाहू नये, त्याचा पगारही पाहू नये. त्याने लिहून ठेवलेला कागद कोणाच्या हाती जातो, एवढेच पाहावे. तो कागद आधी रोग्याच्या हाती जात असेल, तर परळच्या सभेत ज्या साडेपाच हजारांनी सह्या केल्या त्यांची पाचवी मागणी थोडीतरी पुरी झाली असे म्हणता येईल.